रकाना कोणी आखला?

2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बरेच दिवस दुसरा विषयच नव्हता. लाभार्थी बाईच्या आधार क्रमांकाबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला जात होता आणि त्यावर ओटीपी. एका टेबलावर म्हणणं असं, की चाळणी लागलीच पाहिजे. पुरुषांनीही हप्ते उचलल्याचं उघड झालंय ना? दुसऱ्या टेबलाचं म्हणणं, निवडणुकीपुरती बहीण होती, आता तिला दारातून परत पाठवायला निमित्त हवंय. तिसरं टेबल आमचं, सॉफ्टवेअरवाल्यांचं, आणि आमचा निकाल सगळ्यांत झटपट: कुणीतरी बिनडोक डेव्हलपरनं केलं असणार. जिचा नवराही वारलाय आणि वडीलही, तिनं ओटीपी कुठून आणायचा, हा प्रश्न तिन्ही टेबलांवर आला, पण प्रत्येकानं तो समोरच्याला हाणायची काठी म्हणून वापरला. पुढे अशा स्त्रियांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत अशी सोय सरकारनं केली, मुदत वाढवली आणि वाद निवला. मात्र पती किंवा वडील एवढ्या दोनच शक्यता असलेला तो रकाना कुणी आखला, आखताना समोर कोण बसलं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. लोकांची माहिती ज्या तक्त्यात भरायची, तो तक्ता आखणं हे कारकुनी काम नाही. तो धोरणाचाच भाग आहे, बऱ्याचदा धोरणाच्या मसुद्यापेक्षा जास्त परिणाम करणारा. म्हणून तो पक्का करण्याआधी, जे लोक तो भरणार आहेत त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचला गेला पाहिजे. सातबाऱ्याचं चावडी वाचन होतं, अगदी तसं. डेव्हलपरला शिव्या घालणं आणि सरकारच्या हेतूवर भांडणं, दोन्ही करमणुकीच्या गोष्टी आहेत. पण उद्या सरकार बदललं, डेव्हलपर बदलला, तरी तो रकाना तसाच राहतो.

हा रोग संगणकानं आणलेला नाही. महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेली माणसं इतकी कशी, यावर आपण हसतो. माझे वडील त्यातलेच. आजी सांगायची, भात कापणीला आलं होतं तेव्हा हा झाला. कोकणात भात कापणीला येतं दसऱ्याच्या आगेमागे. पण शाळेच्या रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना कोरा ठेवायची सोय नव्हती, शाळा जूनमध्ये उघडायची, वय पूर्ण भरलेलं दाखवायला 1 जून सोयीचा. गुरुजींनी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. रकान्यानं ती त्यांच्याकडून करवून घेतली. ‘माहीत नाही’ असं लिहायला जागा असती तर त्यांनी तेच लिहिलं असतं. त्या एका नोंदीची किंमत वडिलांनी पन्नासेक वर्षांनी मोजली. सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणजे 31 मे. खऱ्या जन्ममहिन्यापर्यंत चार-पाच महिन्यांचा पगार त्यांना मिळाला असता. आजीला महिना ठाऊक होता, तारीख नव्हती. रजिस्टरला अर्धवट खरं नको होतं, त्याला पूर्ण खोटं चालत होतं.

आणि मी तरी काय वेगळं केलं? 2004 च्या सुमारास एका सहकारी बँकेच्या खातेदारांचा तक्ता आखायचं काम माझ्याकडे आलं. नाव, मधलं नाव, आडनाव. तिन्ही सक्तीचे रकाने. मी मराठी घरातली. माणसाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि आडनाव असतं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंही नाही. शाखा दादर-माटुंगा भागातली. तिथं तमिळ खातेदार, ज्यांच्या नावामागे एक आद्याक्षर असतं आणि आडनाव नसतं. नुसत्या एका नावाचे मुस्लिम कारागीर. मधलं नाव न लावणारे वसईचे ख्रिस्ती. जात कळू नये म्हणून आडनाव सोडून दिलेला एक शिक्षक, जो काउंटरवर तासभर भांडून गेला. काउंटरवरच्या बाईंनी यावर त्यांच्या परीनं उपाय काढला: रिकाम्या रकान्यात टिंब द्यायचं. संगणक गप्प बसायचा, रांग पुढे सरकायची. वर्षभरानं एकाच माणसाची दोन खाती शोधायचा प्रोग्रॅम चालवला, तर त्यानं सगळी टिंबवाली माणसं एकमेकांचे भाऊबंद ठरवली. मीटिंगमध्ये दोष कुणाला दिला? काउंटरवरच्या बाईंना. ‘डेटा एंट्रीत शिस्त नाही’ हे वाक्य माझंच होतं.

नावावरूनच बघा. आधारमध्ये पूर्ण नावासाठी एकच रकाना आहे. पॅनच्या अर्जात तीन: आडनाव, नाव, मधलं नाव. पासपोर्टात दोन. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतं. म्हणजे एकच बाई तीन कचेऱ्यांनी तीन साच्यांत ओतली, तेही आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर. मग पॅन आणि आधार जोडायची सक्ती आली, 30 जून 2023 ही शेवटची तारीख झाली, उशिराचं शुल्क 1000 रुपये, आणि ‘नाव जुळत नाही’ म्हणून माणसं सायबर कॅफेच्या पायऱ्यांवर बसली. तेव्हाही वाद ठरलेलाच: लोक निष्काळजी आहेत, की सरकार छळतंय? अहो, तीन साचे तीन आकारांचे केल्यावर जुळणारं नाव हा योगायोग म्हणायचा, न जुळणं हीच रीत. 2024 मध्ये आपल्या मंत्रिमंडळानं मुलाच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारी कागदपत्रांसाठी ठरवला. मला हा निर्णय मनापासून आवडला. त्यावर टाळ्याही वाजल्या, नाकंही मुरडली गेली. पण तीन चौकटींच्या अर्जात चार नावं कशी बसवायची? मधल्या चौकटीत दोन कोंबायची, की आईचं गाळायचं? ज्या टेबलाशी हा प्रश्न सुटेल, तिथं बसलेल्या मुलाला हा सामाजिक प्रश्न आहे असं कुणी सांगितलेलं नसेल. तो दोन मिनिटांत ठरवेल आणि चहाला जाईल.

आता विरोधी बाजू. ती कमजोर नाही, आणि मी स्वतः पंचवीस वर्षं तीच मांडत आले आहे. पहिला मुद्दा शिस्तीचा. दोन कोटींहून जास्त लाभार्थी असलेल्या योजनेत प्रत्येकाला हवं ते लिहू दिलं तर पडताळणी होणार कशी? ज्याला मोकळा रकाना म्हणतात तो चोराचाही मोकळा रस्ता असतो. जुन्या कागदी दफ्तरात ‘शेरा’ नावाचा रकाना असायचा, सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असतात; त्यात वास्तव मावायचं खरं, पण त्या शेऱ्यांची बेरीज कुणाला करता आली नाही, आणि ते वाचणाऱ्या माणसाच्या हाती नको तेवढी सत्ता गेली. हे सगळं मान्य. नियम हवेत, साचा हवा. पण पक्का साचा म्हणजे अरुंद साचा, हे कुठून आलं? एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञानं 1970 मध्ये तक्त्यांचं जे गणित मांडलं, त्यावर आजच्या बहुतेक बँका आणि कचेऱ्या चालतात. त्याच कॉडनं पुढे बजावलं होतं, की माहिती नसण्याचे दोन प्रकार आहेत: लागू आहे पण ठाऊक नाही, आणि मुळात लागूच नाही. धंद्यानं त्याचं ऐकलं नाही. दोन्हींसाठी एकच ‘नल’, म्हणजे रिकामी नोंद, वापरत राहिला आणि त्यातही आळशी लोकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, ‘नल चालणार नाही’ अशी पाटी लावली. माझ्या वडिलांची जन्मतारीख हा पहिला प्रकार. नवरा आणि वडील दोन्ही गमावलेल्या बाईचा रकाना हा दुसरा. दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या, त्यांना पुरावा काय लागेल हेही ठरवून ठेवलं, तर पडताळणी ढिली होत नाही, उलट घट्ट होते. चोराला पकडायचं तर खरं बोलणाऱ्याला खरं लिहिता आलं पाहिजे. नाहीतर दोघंही टिंबच देणार, आणि टिंबावरून कोण कोण हे कसं ओळखणार?

अपवादांसाठी नियम बदलायचा का, असंही विचारतात. दोन कोटींचा एक टक्का म्हणजे दोन लाख. दोन लाख माणसांना अपवाद म्हणायची सवय आम्हाला लागली ती आमच्या टेस्ट डेटामुळे, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायला आम्ही बनवतो त्या नमुन्याच्या माहितीमुळे. कुठल्याही टीममध्ये जाऊन बघा, नमुन्याचा माणूस हमखास पुरुष असतो, विवाहित असतो, पक्क्या पत्त्यावर राहतो. आमच्या टेस्ट डेटातला माणूस कधी मरतही नाही.

दुसरा मुद्दा वेगाचा, आणि हल्ली तोच जास्त जोरात मांडला जातो. आधी सुरू करा, चुका नंतर दुरुस्त करा. सगळ्यांना विचारत बसलात तर काहीच उभं राहणार नाही. यातही तथ्य आहे. मी असे प्रकल्प पाहिलेत जिथं दोन वर्षं नुसती रिक्वायरमेंटची कागदपत्रं जाडजूड होत गेली आणि शेवटी ज्या खात्याला सॉफ्टवेअर हवं होतं तेच खातं दुसऱ्यात विलीन झालं. छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत त्या छळातून जन्मली आणि तिनं आमची बरीच सुटका केली. पण ‘नंतर बदलू’ हे पडद्याबद्दल खरं आहे, कोडबद्दल बरंचसं खरं आहे. साठलेल्या माहितीबद्दल नाही. बटणाचा रंग एका संध्याकाळी बदलतो. जो रकाना लाखो ओळींत भरला गेला, ज्यावरून दुसऱ्या खात्यानं आपली यादी बनवली, तिसऱ्यानं कार्ड छापलं, तो बदलायला गेलात तर कोडापेक्षा माणसं जास्त हलवावी लागतात. माझी पहिली नोकरी 1998 ची, सीप्झमध्ये, काम वायटूकेचं, म्हणजे 2000 साल उजाडल्यावर संगणक ते 1900 समजून गोंधळू नयेत म्हणून जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायचं. दिवसभर कोबोल या जुन्या संगणकी भाषेतले प्रोग्रॅम वाचायचे आणि दोन आकड्यांत लिहिलेलं साल कुठं दडलंय ते शोधायचं. ज्यांनी साल दोन आकड्यांत लिहिलं ते मूर्ख नव्हते. भोकं पाडून माहिती साठवायच्या पंचकार्डावर 80 च स्तंभ मावायचे, जागा सोन्याच्या भावानं मिळायची. त्यांनीही ‘नंतर बदलू’ असंच म्हटलं असणार. त्या ‘नंतर’वर आमच्या पिढीची घरं चालली, ही आमच्यापुरती चांगली बाजू.

घाईचं मुंबईतलं उदाहरण जुनं झालेलं नाही. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठानं 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं, आणि तेही परीक्षांच्या हंगामातच. निकाल रखडले, 31 जुलैची मुदत हुकली, उत्तरपत्रिका सापडेनात, परदेशी प्रवेश घेतलेली मुलं रडकुंडीला आली, ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. तेव्हा वर्तमानपत्रांत भांडण कशावर होतं? प्राध्यापकांना तंत्रज्ञानाची ॲलर्जी आहे, की कुलगुरूंना घाई झाली होती. पडद्यावर तपासणं ही कल्पना वाईट नव्हतीच, पुढे ती रुळलीसुद्धा. हजारो प्राध्यापक, शेकडो महाविद्यालयं आणि एक गठ्ठा कुठून कुठे जातो याची साखळी आधी कुणी त्या प्राध्यापकांसमोर वाचून दाखवली असती, तर एखाद्या अनुभवी बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं असतं: ‘पुरवणीचं काय?’

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड जातो. डेव्हलपरनं सांगितलं तेवढंच करायचं असतं. धोरण ठरवणं त्याचं काम नाही, आणि उद्या प्रोग्रॅमर धोरणं ठरवू लागले तर ते लोकशाहीला शोभणार नाही. बरोबर आहे. मला अशी टेक्नोक्रॅटांची राजवट नको आहे. पण सध्या काय चाललंय? धोरण मंत्रालयात ठरतं. ते एका ओळीत कंत्राटदाराकडे जातं: ‘कुटुंबप्रमुखाची पडताळणी करावी.’ तिथून उपकंत्राटदाराकडे, तिथून ऐरोलीतल्या एखाद्या ॲनालिस्टकडे, तिथून तेवीस वर्षांच्या पोराकडे, ज्याला गुरुवारपर्यंत टेबल, म्हणजे संगणकातला तक्ता, बनवायचंय. एका ओळीचे पाच रकाने तोच करतो. म्हणजे धोरण प्रोग्रॅमरच ठरवतोय, फक्त कुणाच्या नजरेत न येता आणि मनात नसताना. मेल्व्हिन कॉनवे या संगणकतज्ज्ञानं 1968 मध्ये लिहिलं, की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तसाच त्यांनी बनवलेल्या यंत्रणेचा आकार होतो. ज्या साखळीत अंगणवाडी सेविका कुणाशीच बोलत नाही, त्या साखळीनं बनवलेल्या पडद्यावर तिच्याकडे येणारी विधवा दिसणार कशी? सेविका चित्रात आली ती शेवटी, गळती बुजवायला. मॅनेजर म्हणून मी माझ्या टीममध्ये हेच केलं आहे. कोडचं परीक्षण आम्ही कसोशीनं करतो. व्हेरिएबलचं नाव चुकलं तर अर्धा तास वाद घालतो. टेबलचा आराखडा मात्र पहिल्याच स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पहिल्याच छोट्या टप्प्यात, सर्वांत ज्युनिअरकडे जातो, कारण त्यात ‘लॉजिक नाही’. आता तर कोड लिहून देणारी यंत्रं आलीत. रकाने सांगा, ती क्षणात टेबल बनवून देतात, सक्तीची पाटीही न विचारता लावतात. पोरगा निदान गुरुवारपर्यंत तरी थांबत होता.

चांगला तक्ता आखता येतच नाही असं कुणी म्हणू नये. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. अडचण काय होती? एकाच नावाची दहा गावं, पत्ते डझनभर भाषांत, अक्षर लागत नाही, स्पेलिंग तर विचारूच नका. यावर एक उपाय असा होता, की लोकांनी पत्ते नीट लिहावेत असा फतवा काढायचा. वेलणकरांनी पत्त्याला हात लावला नाही. तुम्ही ‘गणपतीच्या देवळामागे, दुसरी चाळ’ लिहा, मोडक्या अक्षरात लिहा, कुठल्याही लिपीत लिहा. खाली सहा आकडे द्या. ते आकडेही विसरलात तर पत्र उशिरा जाईल, पण जाईल. माणसाला जे सांगता येतं ते माणसाच्या भाषेत राहू दिलं आणि यंत्रणेला जे मोजायचंय त्याचा बोजा यंत्रणेनं आकड्यांवर टाकला. अर्धं शतक उलटून गेलं, तो रकाना अजून कुणाला टोचत नाही. टपालाची पिशवी कशी भरते हे ज्या खात्याला रोज दिसत होतं त्याच खात्यात तो आखला गेला, हे मला त्यातलं खरं कारण वाटतं.

म्हणून चावडी वाचन. सातबारा संगणकात गेला तेव्हा नावं गळाली, क्षेत्रं चुकली, टायपिंगच्या चुकांसाठी लोकांना जमीन महसूल संहितेचं कलम 155 पाठ झालं. मग हस्तलिखित आणि संगणकातला उतारा जुळवायला गावोगाव वाचन झालं. काही ठिकाणी ते कागदावरच उरकलं असेल, मला भाबडेपणा करायचा नाही. पण कल्पना बघा: ज्याच्याबद्दल नोंद आहे त्याच्या कानावर ती नोंद घालायची. मी फक्त एवढंच म्हणते, की नोंदींच्या आधी रकाने वाचा. एका पानावर मावतात. हा रकाना काय विचारतो, सक्तीचा का, कोरा राहिला तर पुढे काय होतं, ‘लागू नाही’ म्हणायला जागा कुठे. ते पान सेतू केंद्र चालवणाऱ्याला, अंगणवाडी सेविकेला, बँकेतल्या काउंटरवरच्या बाईंना वाचून दाखवा. टेबल बनवणाऱ्या पोराला दोन दिवस त्या काउंटरमागच्या स्टुलावर बसवा. खर्च होईल, दोन दिवस जातील, चार लोक भलत्याच तक्रारी सांगतील, एखादा पुढारी माईक हातात घेईल. तरी दोन दिवसच. आमच्याकडे लोगोच्या रंगावर याहून जास्त दिवस गेलेले मी पाहिलेत.

त्या सहकारी बँकेचं सॉफ्टवेअर मागच्या वर्षी नव्या यंत्रणेत हलवायचं ठरलं आणि जुना तक्ता कुणी आखला होता म्हणून मला फोन आला. पोरगा हुशार होता. म्हणाला, ‘मॅडम, मधलं नाव आता आम्ही ऐच्छिक केलंय. फक्त जुन्या टिंबांचं काय करू? नाव नाही म्हणून दिलेलं टिंब कुठलं आणि घाईत दिलेलं कुठलं?’ काउंटरवरच्या त्या बाई कधीच निवृत्त झाल्या होत्या. मी त्याला म्हटलं, टिंबं तशीच राहू दे, आणि शेजारी एक शेऱ्याचा रकाना घाल.